ओल्या प्रिंटवर सही करायची नाही

सकाळी डार्करूमचं दार उघडलं, तर रात्रीच्या सहाही प्रिंट्स सुरळ्या होऊन पडलेल्या. झोपायला जाताना याच प्रिंट्स जाळीवर कशा सपाट, चकचकीत, काळ्याभोर दिसत होत्या! त्यातली एक दोन्ही हातांनी उलगडायला गेले, तर कडेला बारीकसा ‘कर्र’ आवाज झाला आणि इमल्शनला, म्हणजे कागदावरच्या चित्राच्या थराला, केसाएवढी तड गेली. दुसरी जरा धीराने उलगडली, उजेडात नेली आणि तिथेच थबकले. ही रात्रीचीच प्रिंट का?

निगेटिव्ह एका जुन्या लाकडी जिन्याची होती. वरच्या झरोक्यातून उजेड येतो, मधल्या चार पायऱ्यांवर सांडतो आणि खालच्या पायऱ्या अंधारात बुडून जातात. फोटो काढला होता तो त्या चार पायऱ्यांसाठी. रात्री ट्रेमध्ये त्यांच्यावरची धूळसुद्धा चमकत होती. सकाळी तिथे कुणीतरी राखेच्या पाण्याचा बोळा फिरवल्यासारखं दिसत होतं.

तोवर तीनेक वर्षं मी आरसी कागदावर काम केलं होतं. आरसी कागदाला दोन्ही अंगांनी पॉलिथिनचा पातळ थर असतो, त्यामुळे रसायन कागदाच्या पोटात शिरतच नाही. त्याचा सगळा कारभार वरच्या इमल्शनपुरता. मिनिटभर चित्र उमटवणारा डेव्हलपर, काही सेकंद त्याला थांबवणारा स्टॉप, चित्र पक्कं करणारा फिक्सर, दोन-तीन मिनिटं पाणी आणि मग दोरीवर. तासाभरात प्रिंट सपाट आणि कोरडी. त्या रात्री पहिल्यांदाच फायबर कागद घेतला होता, ज्याला हा प्लास्टिकचा थर नसतो. फायबर म्हणजे हेच, फक्त हाताला जाड आणि काळा रंग अधिक खोल, एवढ्याच समजुतीवर मी पाकीट उघडलं होतं. डेव्हलपरमध्ये दीड मिनिट ठेवलं. फिक्सरमध्ये ‘जाड कागद आहे, मुरू दे’ म्हणून चांगली दहा मिनिटं. नळाखाली पाच. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, की जिथे जास्त हवं तिथे मी हात आखडला होता आणि जिथे कमी हवं तिथे सढळ सोडला होता.

सुरळ्या घेऊन सरांकडे गेले. डार्करूमचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. उभं आयुष्य एन्लार्जरशेजारी, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राशेजारी, गेलेला माणूस, बोलणं मोजूनमापून. मला वाटलं, सुरळी सरळ कशी करायची ते सांगतील. त्यांनी सुरळीकडे पाहिलंसुद्धा नाही. एका प्रिंटच्या पांढऱ्या किनारीची बोटभर पट्टी कापली, तपकिरी बाटलीतला एक थेंब तीवर सोडला आणि घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटांनी थेंब टिपून घेतला. खाली मातकट, गडद पिवळा डाग.

“किती वेळ धुतलंस?”

“पाच मिनिटं.”

“अगं, पाच मिनिटांत कागद नुसता भिजतो.”

बाटलीत सिल्व्हर नायट्रेट होतं, थोड्या ॲसेटिक ॲसिडबरोबर. कागदात हायपो, म्हणजे फिक्सरमधलं रसायन, उरला असेल तर तिथे सिल्व्हर सल्फाइड तयार होतं आणि डाग पडतो. धुवायला हयगय केलेल्या प्रिंटवर जो पिवळेपणा काही वर्षांनी उगवणार, तो ही बाटली दोन मिनिटांत दाखवते. उरलेला हायपो हळूहळू चित्रातल्या चांदीलाच धरतो. आधी फिकट भाग पिवळे पडतात, मग चित्रच विरत जातं.

“सुरळी दिसते, काळवंडलेला उजेडही दिसतो,” सर म्हणाले. “हे दिसत नाही, म्हणून हे आधी बघायचं.” मी निघताना पाठीमागून आणखी एक वाक्य आलं, “आणि ओल्या प्रिंटवर सही करायची नाही.” शाई फुटते म्हणून असेल, असं तेव्हा मला वाटलं.

फायबर कागद समजून घ्यायला मी त्याचा एक कोपरा पाण्यात भिजवून नखाने सोलून पाहिला. वर जिलेटिनचा अगदी पातळ, ओरखडे पडू नयेत म्हणून दिलेला थर. त्याखाली इमल्शन, म्हणजे जिलेटिनमध्ये विखुरलेले चांदीचे क्षार. त्याखाली बरायटा, म्हणजे जिलेटिनमध्ये घोटलेलं बेरियम सल्फेट. पोटाचा एक्स-रे काढण्याआधी रोग्याला जी पांढरी लापी पाजतात, तिच्यातही हेच असतं. कागदाला लख्ख पांढरेपणा देणं आणि त्याचे खडबडीत धागे झाकणं हे बरायटाचं काम. आणि सर्वांत खाली नुसता कागद, ज्याला पॉलिथिनचा रेनकोट नाही. डेव्हलपर, ॲसिड, हायपो, जे जे म्हणून त्याला पाजाल ते तो पितो आणि सोडताना फार आढेवेढे घेतो. पुढचे सगळे सोपस्कार या एका स्वभावापायी आहेत.

दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. निगेटिव्ह तीच आणि कागदही त्याच पाकिटातला, चकचकीत, ८ बाय १० इंची. पण पहिला दिवस मी एकाच प्रश्नाला दिला: ओली प्रिंट वाळल्यावर नेमकी किती काळवंडते?

ओलं जिलेटिन फुगलेलं असतं आणि वर पाण्याची चकाकी असते. त्यामुळे फिकट भाग झळझळतात आणि अंधारातले बारकावे उठून दिसतात. वाळताना जिलेटिन आक्रसतं, पाणी जातं आणि उजेड एक पायरी खाली उतरतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ‘जरा कमी एक्स्पोजर दे’, म्हणजे कागदावर उजेड जरा कमी वेळ पाड, या सल्ल्यातलं ‘जरा’ म्हणजे किती, ते ज्याने त्याने आपल्या कागदावर मोजावं लागतं. मोजायची रीत सोपी आहे. ओली असताना जी प्रिंट अगदी हवी तशी दिसते, ती पक्की करायची. माझी लेन्सच्या एफ ८ छिद्राला १६ सेकंदांची होती. मग त्याच निगेटिव्हच्या आणखी पाच प्रिंट्स: ४ टक्के कमी म्हणजे १५.४ सेकंद, ६ टक्के म्हणजे १५, ८ टक्के म्हणजे १४.७, १० टक्के म्हणजे १४.४ आणि १२ टक्के म्हणजे १४.१. प्रत्येकीच्या पाठीवर उजेड देण्याआधीच मऊ पेन्सिलने, दाब न देता, आकडा लिहायचा. फायबर कागदाची पाठ पेन्सिल झकास घेते, आरसीच्या प्लास्टिकवर ती घसरते. या पाचही पूर्ण वाळू द्यायच्या आणि १६ सेकंदांची पहिली पाण्याच्या ट्रेमध्ये ओलीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी एकाच दिव्याखाली ओल्या प्रिंटशेजारी एकेक कोरडी धरून बघायची. ज्या कोरडीतल्या पायऱ्या ओलीइतक्याच उजळ दिसतात, तो आपला आकडा.

माझ्या कागदाचा आकडा ८ टक्के निघाला. सेकंदाच्या एक दशांशावर चालणारा टायमर नसता, तर हा खेळ खेळताच आला नसता. घाई असेल तर टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीपुरती कागदाची पट्टी, केस वाळवायच्या यंत्राने वाळवूनही अंदाज येतो. मी आता तेच करते. पण पहिल्यांदा पूर्ण, सावकाश केलं ते बरं झालं. ओली प्रिंट किती गोड बोलते, ते एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी खरं काम. एन्लार्जरखालचं फारसं सांगत नाही, कारण आरसीपेक्षा त्यात वेगळं काही नव्हतं. अडीच नंबरचं फिल्टर, १४.७ सेकंद. त्यातले तीन सेकंद तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने खालच्या पायऱ्या झाकल्या, आणि नंतर झरोक्यापुरता मऊ फिल्टरने दहा सेकंद जादा उजेड. फिल्टर बदलून एकाच पाकिटातल्या कागदाचा कॉन्ट्रास्ट बदलता येणं ही आज गृहीत धरलेली सोय आहे. इल्फर्डने असा मल्टिग्रेड कागद आणला १९४० मध्ये. त्याआधी मऊ, मध्यम, कडक अशा वेगवेगळ्या ग्रेडची पाकिटं जवळ बाळगायची.

डेव्हलपर १+९, म्हणजे एक भाग द्रव्य नि नऊ भाग पाणी, तापमान २० अंश सेल्सिअस. मी थर्मामीटर ट्रेमध्येच ठेवते, कारण पाणी गार पडलं की डेव्हलपरमधला हायड्रोक्विनोन सुस्तावतो आणि काळा रंग राखाडीवरच अडतो. कागद एका झटक्यात सरकवायचा, इमल्शन वर, आणि ट्रेची एक कड सतत हळू उचलत राहायची. आरसीवर दहा-बारा सेकंदांत चित्र उमटायला लागतं. इथे अर्धं मिनिट गेलं तरी कागद पांढराफटक. पहिल्या रात्री याच घटकेला माझा धीर सुटला होता आणि पुढे चित्र पुरेसं काळं ‘वाटल्याबरोबर’ मी दीड मिनिटावर ते ओढून काढलं होतं. सेफलाइटच्या, म्हणजे कागदाला न बाधणाऱ्या दिव्याच्या, लालसर उजेडात सगळंच जास्त काळं वाटतं. लवकर ओढलेल्या प्रिंटला खरा काळा येत नाही आणि मधल्या छटा डागाळतात.

या वेळी सरांनी शिकवलेला गुणाकार केला. चित्राची पहिली खूण, माझ्या बाबतीत जिन्याच्या कठड्याची रेघ, कितव्या सेकंदाला दिसते ते बघायचं. तिसाव्याला दिसली. मी एकूण तीन मिनिटं ठेवणार होते, म्हणजे सहापट. पुढच्या प्रत्येक प्रिंटला ती रेघ दिसेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि सहाने गुणायचं. डेव्हलपर थकत जातो तशी रेघ उशिरा उगवते. पाचव्या प्रिंटला ती पस्तिसाव्या सेकंदाला आली, म्हणून तिला साडेतीन मिनिटं. थकलेल्या डेव्हलपरमधूनही एकसारख्या प्रिंट्स निघतात त्या अशा. घड्याळाकडे बघत नुसतं तीन मिनिटं मोजणाऱ्याच्या प्रिंट्स मात्र एकामागून एक फिकट होत जातात.

तीन मिनिटांनंतर प्रिंट उचलली, तेव्हा तिचं वजन जाणवलं. भिजलेला फायबर कागद ओल्या सुती कपड्यासारखा लोंबतो. एका कोपऱ्याला चिमटा लावून झटकन उचलला, की मधे चंद्रकोरीसारखी घडी पडते आणि ती कशानेही जात नाही. माझी एक प्रिंट त्यात गेलीच. तेव्हापासून चिमट्याने फक्त कोपरा वर आणते आणि हातमोजा घातलेल्या दुसऱ्या हाताने समोरचा कोपरा धरते. मग दहा-पंधरा सेकंद निथळू द्यायची. निथळण्याचा वेळ डेव्हलपरच्याच हिशेबात धरायचा, कारण कागदाने प्यायलेला डेव्हलपर हवेतही काम करतच असतो.

स्टॉप बाथमध्ये मिनिटभर. आरसीला दहा सेकंद पुरतात, इथे ॲसिडला धाग्यांपर्यंत पोहोचायला वेळ द्यावा लागतो. माझ्या स्टॉप बाथमध्ये रंग दाखवणारं द्रव्य आहे. ताजा असताना पिवळा आणि दम संपला की जांभळा. पण सेफलाइटखाली पिवळं काय नि जांभळं काय! पांढरा दिवा लावल्याशिवाय खात्री होत नाही.

फिक्सर इथली सर्वांत मोठी मेख. ‘मुरू दे’ म्हणून दहा मिनिटं ठेवणं ही पहिल्या रात्रीची घोडचूक होती. आजचा रॅपिड फिक्सर, म्हणजे अमोनियम थायोसल्फेट, १+४ अशा तीव्र प्रमाणात इमल्शनमधले न वापरलेले क्षार मिनिटभरात उचलतो. त्यानंतरचा प्रत्येक मिनिट तो कागदाच्या धाग्यांत आणि बरायटात खोल शिरत जातो आणि जितका खोल शिरेल तितका बाहेर काढायला जड. फार वेळ राहिला तर फिकट छटाही खायला लागतो. म्हणून तीव्र आणि थोडका वेळ.

आणि ट्रे दोन. पहिल्यात एक मिनिट, निथळून दुसऱ्यात एक मिनिट. कारण असं: हायपो चांदीच्या क्षारांना धरतो तेव्हा आधी जे संयुग बनतं ते पाण्यात धड विरघळत नाही. भरपूर ताजा हायपो मिळाला, तरच ते विरघळणाऱ्या रूपात जातं. थकलेल्या फिक्सरमधून काढलेली प्रिंट दिवसभर धुतली तरी ते संयुग कागदातच बसून राहतं. पहिला ट्रे बहुतेक चांदी झेलतो, दुसरा जवळजवळ ताजाच राहतो आणि उरलंसुरलं पक्कं करतो. लिटरमागे वीसेक प्रिंट्स झाल्या की मी पहिला ट्रे रिकामा करते, दुसरा त्याच्या जागी सरकवते आणि दुसऱ्यात नवा भरते. रिकामा म्हणजे मोरीत ओतत नाही हं. त्यात चांदी असते. एका कॅनमध्ये साठवून त्यात बारीक लोखंडी कीस टाकला, की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते.

हायपो हे नावही गमतीचंच आहे. हे क्षार चांदीचे क्षार विरघळवतात, हे जॉन हर्शेलने १८१९ मध्ये टिपून ठेवलं. छायाचित्रण जगापुढे आलं १८३९ मध्ये, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची ती नोंद कामी आली. त्या काळी त्याला हायपोसल्फाइट ऑफ सोडा म्हणत. पुढे रसायनशास्त्राने नाव सुधारून थायोसल्फेट केलं, पण डार्करूममध्ये हायपो तो हायपोच राहिला.

आता पाणी. पहिल्या रात्री मी ज्याला पाच मिनिटं दिली होती, त्याला या वेळी पाऊण दुपार दिली. आधी दहा मिनिटं पाणी बदलत साधी धुलाई. मग सेलेनियम टोनर १+९, तीन मिनिटं, हातमोजे घालून, दारं-खिडक्या सगळ्या उघड्या टाकून. हे द्रव्य विषारी आहे आणि त्याचा अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो. सेलेनियम आधी काळ्यात शिरतं, फिकट भागांना फार उशिरा हात लावतं. जोडीला एक टोनिंग न केलेली प्रिंट पाण्यात ठेवली होती, नाहीतर बदल कळत नाही. दोन मिनिटांपर्यंत काही नाही. अडीचच्या सुमाराला खालच्या पायऱ्या एकदम मागे सरकल्या. अंधाराला तळ होता, तो काढून घेतल्यासारखं झालं. काळ्यात किंचित जांभळट झाक डोकावली तेव्हा थांबले. फिक्सिंग अर्धवट राहिलं असेल तर याच ट्रेमध्ये पिवळे डाग उठून चुगली करतात. माझ्या चारही प्रिंट्स त्यातून सुटल्या.

मग सोडियम सल्फाइट, लिटरला २० ग्रॅम, दहा मिनिटं. याला वॉश एड म्हणतात. धाग्यांना चिकटून बसलेल्या हायपोची जागा सल्फाइट घेतं आणि ते स्वतः पाण्यात पटकन निघून जातं. समुद्राच्या पाण्यातही हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर सुटतो, त्याच जातीची ही करामत. फक्त तिथे शेवटी मीठ काढायला गोडं पाणी लागतंच.

शेवटच्या धुलाईला नळ सोडून बसणं मला पटेना. धारेखाली ट्रे ठेवला की पाणी वरच्यावर वाहतं आणि तळाशी, प्रिंटखाली, जडसर हायपो तसाच साचून राहतो. हायपोचं द्रावण पाण्यापेक्षा जड असतं. शिवाय तासभर नळ चालू म्हणजे जिवाला टोचणी. म्हणून भरा आणि ओता. तीन लिटर पाणी, चार प्रिंट्स, पाच मिनिटं, सगळं ओतून पुन्हा तीन लिटर. त्या पाच मिनिटांत सर्वांत खालची प्रिंट वर, मग पुढची वर, पत्ते पिसल्यासारखं. प्रिंट्स एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, कारण हायपो बाहेर येतो तो पाण्याच्या स्पर्शाने आणि ताज्या पाण्याकडेच. पाणी फार गार असेल तर तोही रेंगाळतो, म्हणून २० अंशांच्या आसपास. अशी बारा पाणी. एक तास, छत्तीस लिटर.

बारा हा आकडा मी ठरवला नव्हता, तो पट्ट्यांनी सांगितला. या खेपेला एक कोरा कागद, उजेड न दिलेला, प्रिंट्सच्या जोडीने सगळ्या ट्रेंमधून फिरवला होता. दर तिसऱ्या पाण्यानंतर त्याची एक पट्टी कापायची, टिपायची, सरांकडून आणलेल्या द्रावणाचा थेंब सोडायचा. तिसऱ्या पाण्यानंतर पिवळा डाग. सहाव्यानंतर फिकट, वाळल्या गवताच्या रंगाचा. नवव्यानंतर डाग शोधावा लागला. बाराव्यानंतर शोधूनही सापडला नाही. पट्टी लगेच बघून टाकायची, कारण उजेडात ठेवली तर सिल्व्हर नायट्रेट आपोआपच काळं पडतं आणि उगाच घाबरायला होतं. माझी दोन बोटंही काळी पडली, ती आठवडाभर तशीच मिरवली.

वाळवण. सुरळीचं कारण एव्हाना कळलं होतं. जिलेटिन वाळताना कागदापेक्षा जास्त आक्रसतं आणि कागदाला आपल्या बाजूला ओढून घेतं. जितकं भराभर वाळेल तितकी ओढ जास्त, आणि पहिल्या रात्री मी पंखा लावून झोपले होते! या वेळी काचेवर ठेवून रबरी पट्टीने दोन्ही बाजूंचं पाणी निपटलं. दोन प्रिंट्स जाळीवर पालथ्या घातल्या, पंखा बंद. उरलेल्या दोन काचेवर इमल्शन वर करून ठेवल्या आणि चारही कडांना पाणी लावून चिकटणारी कागदी गोंदपट्टी लावली, अर्धी प्रिंटवर, अर्धी काचेवर. वाळताना प्रिंट आक्रसायला बघते, पट्टी सोडत नाही, मग ती तबल्याच्या पुडीसारखी ताणली जाते. निदान तसं व्हायला हवं. मध्यरात्री ‘टर्रर्र’ असा आवाज झाला आणि मी दचकून उठले. एका प्रिंटला मी गोंदपट्टीची धार अगदीच चिंचोळी दिली होती. ती एका कोपऱ्यापासून सुटत गेली आणि जाताना किनारीबरोबर झरोक्याचा तुकडाही घेऊन गेली. बारा पाणी, एक तास, सगळं त्या आवाजात गेलं. फाटलेली प्रिंट मी अजून ठेवली आहे. धुलाईला तिच्यात काही खोट नाही.

दुसरी मात्र सकाळी आरशासारखी सपाट होती. पात्याने कड कापताना ती काचेवरून अलगद सुटली. जाळीवरच्या दोघींना थोडी लाट होती, पण सुरळी नव्हती. त्यांना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून वर काच आणि काचेवर हाताला लागेल ते वजन ठेवलं. तीन दिवसांनी काढल्या. गरम प्रेस असता तर हेच काम मिनिटभराचं होतं म्हणा.

काचेवरची प्रिंट घेऊन सरांकडे गेले. कापताना एका बाजूची किनार मुद्दाम रुंद ठेवली होती. त्यांनी काही न बोलता तिचीच पट्टी कापली, थेंब सोडला आणि घड्याळ काढलं. दोन मिनिटं. टिपून पट्टी खिडकीशी धरली, चष्मा वर सरकवून पाहिली आणि टाकून दिली. मग कुठे प्रिंट हातात घेतली. आधी पाठ बघितली, पेन्सिलचा १४.७ वाचला, मग सरळ करून बराच वेळ बघत बसले.

“पायऱ्यांवरचा उजेड टिकलाय,” ते म्हणाले. “झरोक्याच्या खालची कड जरा जास्त भरली. दहाचे आठ सेकंद कर.”

मी वही काढून लिहून घेतलं.